चांदीची पुढची खाण भंगारात आहे

चांदीचा भाव चढला की आपल्याकडे एकच प्रश्न घुमू लागतो : आता घ्यावी की मोडावी? ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक बाजारात चांदीने औंसामागे ५० डॉलरचा टप्पा ओलांडला आणि जानेवारी १९८० मध्ये टेक्सासच्या हंट बंधूंच्या साठेबाजीने गाठलेला उच्चांक पंचेचाळीस वर्षांनी मागे पडला. तेव्हापासून सराफकट्ट्यावर, वृत्तवाहिन्यांवर आणि घरोघरी किलोच्या भावाचीच चर्चा आहे. ज्या घरांनी लेकीच्या लग्नासाठी किंवा अडीनडीसाठी थोडीथोडी चांदी बाजूला ठेवली आहे, त्यांनी भावाकडे डोळे लावणे स्वाभाविकच आहे. पण या चर्चेत चांदीचा आजचा मुख्य गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न कुणी विचारत नाही. जगातल्या चांदीचा मोठा वाटा आता कपाटात किंवा देवघरात जात नाही, तो यंत्रांत जातो. कपाटातली चांदी मोडीला निघते, आटते आणि पुन्हा बाजारात येते. यंत्रातली चांदी मात्र बहुतेक वेळा यंत्राबरोबर कचऱ्यात जाते. माझे म्हणणे असे, की भारताने चांदीला उद्योगाचा अत्यावश्यक धातू मानले पाहिजे आणि मोडीत निघणाऱ्या सौर पॅनेलांतून, स्विचांतून, छापील सर्किटांतून ती परत काढण्याची पक्की व्यवस्था येत्या दहा वर्षांत उभी केली पाहिजे. हे काम जाणणारे हात महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या आहेत, म्हणून ही गोष्ट मराठी वाचकांसमोर मांडणे मला अगत्याचे वाटते.

आधी चांदीत असे काय आहे ते पाहू. मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीत तिचा क्रमांक ४७. तांबे तिच्या वर, सोने तिच्या खाली, तिघेही एकाच उभ्या रांगेत. तिघांच्याही अणूच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि धातूच्या आत तो जवळजवळ मोकळा फिरतो, म्हणून हे तिन्ही धातू विजेचे उत्तम वाहक आहेत. त्यांतही चांदी पहिली. साऱ्या मूलद्रव्यांत वीज सर्वांत सहज चांदीतून वाहते, धातूंमध्ये उष्णताही तिच्यातूनच सर्वांत चांगली वाहते, आणि डोळ्यांना दिसणारा प्रकाश तिच्याइतका दुसरा कोणताही धातू परत फेकत नाही. तरीही कुणी विचारील, की विजेच्या वहनात तांबे चांदीच्या सहाएक टक्केच मागे आहे आणि किमतीत ते शंभरपटीहून अधिक स्वस्त आहे, मग चांदी वापरायचीच कशाला? खरी गोम धातू तापल्यावर कळते. तांबे हवेत तापवले की काळे पडते, त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि तो थर विजेची वाट अडवतो. चांदीचे ऑक्साइड उष्णतेत टिकतच नाही, ते ऑक्सिजन सोडून देते आणि खाली स्वच्छ धातू उरतो. घरातली चांदीची भांडी काळी पडतात ती ऑक्सिजनमुळे नव्हे, हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. म्हणून जिथे ठिणगी उडते, जिथे भट्टीतून जावे लागते, जिथे सांधा वर्षानुवर्षे बिनचूक राहावा लागतो, तिथे चांदी लागते. रिले आणि विजेच्या स्विचांतले स्पर्शबिंदू चांदीचे किंवा चांदीच्या मिश्रधातूचे असतात ते याच कारणाने. सौर पॅनेलमध्ये तर हा गुण पायाभूतच आहे. चांदीची पूड आणि काचेची पूड यांची लापशी करतात, कापडावर नक्षी छापावी तशी ती सिलिकॉनच्या चकतीवर केसाहून बारीक रेघांत छापतात आणि चकती काही सेकंद सातशे-आठशे अंश सेल्सिअसच्या भट्टीतून काढतात. वितळलेली काच वरचा थर खाऊन आत शिरते आणि चांदी सिलिकॉनला जाऊन भिडते. उन्हाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन या रेघांतून बाहेर येतात. छतावरच्या निळ्या-काळ्या पॅनेलवर ज्या बारीक करड्या रेघा दिसतात, ती चांदी असते.

हे काम किती वाढले आहे, ते आकड्यांत बघावे. २०२४ साली जगात चांदीची एकूण मागणी सुमारे ३६ हजार टन होती. त्यांतली २१ हजार टन उद्योगांची, आणि त्यातली सहा हजार टनांच्या आसपास एकट्या सौर पॅनेलांची. जगभरच्या खाणींतून त्या वर्षी साडेपंचवीस हजार टनांच्या आसपास चांदी निघाली. जुनी आटवून परत मिळालेली चांदी सहा हजार टनांच्या घरात होती. म्हणजे साऱ्या जगाने मोडीतून जेवढी चांदी परत मिळवली, जवळजवळ तेवढी एकट्या पॅनेलांनी शोषून घेतली. २०२१ पासून मागणी पुरवठ्याच्या वरच राहिली आहे. आता साधे अर्थशास्त्र सांगते, की भाव वाढला की उत्पादन वाढते. चांदीच्या बाबतीत ते पुरते खरे नाही, कारण जगातली जवळजवळ तीन चतुर्थांश चांदी शिसे, जस्त, तांबे किंवा सोने यांच्या खाणींतून जोडउत्पादन म्हणून निघते. जस्ताला मागणी नसेल तर केवळ चांदीसाठी जस्ताची खाण कुणी खोल नेत नाही. भारताची स्थिती याहून अवघड आहे. आपली चांदी येते ती राजस्थानातल्या शिसे-जस्ताच्या खाणींतून, वर्षाला सुमारे सातशे टन. आणि २०२४ साली आपण आयात केली सात हजार टनांहून अधिक. दहा वाट्यांपैकी नऊ वाटे बाहेरून येणारी वस्तू आपल्या विजेच्या स्वप्नाच्या मुळाशी बसली आहे, आणि तरीही केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० अत्यावश्यक खनिजांच्या यादीत चांदी नाही. अमेरिकेने २०२५ मध्ये तिला आपल्या यादीत घेतले.

परक्या खाणींवर आणि परक्या निर्णयांवर विसंबण्याची किंमत या देशाने चांदीच्या निमित्ताने पूर्वीही मोजली आहे. ‘रुपया’ हा शब्दच रूप्य म्हणजे चांदी यावरून आला. १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली, १५७० च्या दशकात पाऱ्याच्या साहाय्याने ती तिथल्या कमी प्रतीच्या दगडातूनही काढता येऊ लागली, आणि तिथल्या मूळ रहिवाशांना सक्तीने खाणीत उतरवून स्पेनने जगाच्या बाजारात चांदीचा लोंढा सोडला. आपल्या कापडाच्या, मिऱ्यांच्या, निळीच्या बदल्यात त्या चांदीचा बराच वाटा सुरतेसारख्या बंदरांतून आत आला आणि मुघल टाकसाळींत रुपया होऊन बाहेर पडला. पुढे कंपनी सरकारने १८३५ मध्ये एक तोळा वजनाचा, बारापैकी अकरा भाग चांदी असलेला रुपया देशभर चालवला. मग १८७० नंतर जर्मनी आणि अमेरिकेने चांदीचे चलन सोडून सोन्याची कास धरली, अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या नव्या खाणींची चांदी बाजारात आली आणि भाव कोसळला. दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सव्वा शिलिंगाच्या घरात आला. इंग्लंडला पौंडांत भरायचा खर्च तेवढाच राहिला, तो भरायला रुपये मात्र अधिक लागू लागले, आणि तो भार इथल्या करदात्यावर पडला. १८९३ मध्ये टाकसाळी खासगी चांदीला बंद झाल्या. या साऱ्या प्रकरणाची आणि त्यानंतर आलेल्या चलनपद्धतीची चिकित्सा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या १९२३ च्या ग्रंथात केली, ती आजही वाचण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात याच्या उलट झाले. चांदी मिळेना, १९१७ मध्ये सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली, आणि १९१८ मध्ये अमेरिकेने कायदा करून आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले तेव्हा कुठे हिंदुस्थानच्या टाकसाळींना चांदी पोचली. भाव पडला तेव्हा आपण भरडलो आणि चढला तेव्हाही अडलो, कारण दोन्ही वेळा दोर दुसऱ्याच्या हातात होता.

चलनातली चांदी मात्र एका अर्थाने सोपी होती. ती ढेकळासारखी एका जागी असे. नाणे हरवले नाही तर धातूही हरवत नसे. कामाला लागलेली चांदीही अशी राखता येते, याचा सर्वांत मोठा पुरावा दुसऱ्या महायुद्धातला आहे. १९४२ मध्ये अणुबाँबच्या प्रकल्पासाठी अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ओक रिज इथे युरेनियम वेगळे करणारी प्रचंड विद्युतचुंबके उभारायची होती. त्यांच्या वेटोळ्यांना तांबे लागणार होते, आणि तांबे काडतुसांच्या नळ्यांत चालले होते. तेव्हा सरकारी खजिन्यातली तेरा हजार टनांहून अधिक चांदी उसनी घेण्यात आली. खजिन्याचे अधिकारी हिशेब टनांत करायला तयार नव्हते, ते औंसांतच मागत. चांदीला भोक पाडताना खाली कागद अंथरलेला असे, कीस गोळा करण्यासाठी. यंत्रे सुटी केल्यावर त्यांची साफसफाई करून धूळही आटवली गेली. शेवटची खेप १९७० मध्ये परत पोचली, आणि सगळा हिशेब जुळवल्यावर दहा हजार भागांतले चार भागही कमी भरले नाहीत. त्या प्रकल्पाने जगाला जे दिले ते भयंकरच होते, आणि ते मी इथे झाकून ठेवत नाही. धातूच्या हिशेबापुरते मात्र त्यातून हे सिद्ध झाले, की चांदी अठ्ठावीस वर्षे राबूनही जशीच्या तशी परत येऊ शकते. त्यासाठी ती पहिल्या दिवसापासून कुणाच्या तरी वहीत लिहिलेली असावी लागते.

वहीत लिहिलेली नसली की काय होते, त्याचे दुःखद उदाहरण आपल्याच चित्रपटसृष्टीत आहे. फोटोच्या फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. उजेड पडला की त्यांतून धातूची चांदी मोकळी होते आणि कृष्णधवल चित्र म्हणजे शेवटी चांदीचे कणच असतात. १८३९ पासून डिजिटल कॅमेरा येईपर्यंत छायाचित्रण हे चांदीचे फार मोठे गिऱ्हाईक होते. आपल्या मूकपटांची आणि सुरुवातीच्या बोलपटांची कितीतरी रिळे त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी भंगारात विकली गेली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झाले, तोवर फार उशीर झाला होता. मी चांदी परत काढण्याच्या बाजूने लिहितो आहे, म्हणूनच हे उदाहरण लपवणे बरोबर नाही : नुसत्या भावाकडे बघून, कशाची काय किंमत आहे हे न ठरवता केलेली वसुली अशी नासाडी करते. मात्र त्याच व्यवसायाने दुसरी गोष्टही दाखवून दिली. फिल्म धुतलेल्या पाण्यातली चांदी विजेच्या साहाय्याने वेगळी करण्याची पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत रुळली होती आणि जुन्या एक्स-रे फिल्मांतून चांदी काढणारे लोक आपल्या शहरांतही होते. दर चौरस मीटरला काही ग्रॅम एवढ्या पातळ थरातूनही वसुली परवडत होती, कारण गोळा करायची साखळी तयार होती.

आज ती साखळी सौर पॅनेलांसाठी बांधायला हवी. जानेवारी २०२५ च्या अखेरीस भारताची सौर विजेची क्षमता १०० गिगावॉटच्या पुढे गेली. वॉटमागे दहा मिलिग्रॅम एवढी चांदी हात राखून धरली, तरी एवढ्या पॅनेलांत हजार टन चांदी बसलेली आहे. म्हणजे देशातल्या खाणींतून एका वर्षात निघते तिच्याहून जास्त चांदी आपण छपरांवर आणि माळरानांवर पसरून ठेवली आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचे लक्ष्य आहे, महाराष्ट्रात शेतीपंप सौर होत आहेत, ही बेरीज वाढतच जाणार. दुसरा हिशेब दगडाशी तुलना करून बघा. २०१० च्या आसपासच्या वीस किलोच्या पॅनेलमध्ये दहा ग्रॅम चांदी धरली, तर टनाला पाचशे ग्रॅम पडते. आजच्या अठ्ठावीस किलोच्या पॅनेलमध्ये साडेपाच ग्रॅम धरली तरी टनाला दोनशे ग्रॅम. जगातल्या अनेक चालू खाणींत दगडातली चांदी याहून जास्त नसते, आणि तो दगड शेकडो मीटर खालून उपसावा लागतो. इथे मात्र माल उघड्यावर आहे. मोडीत निघालेल्या पॅनेलची अॅल्युमिनियमची चौकट, तांब्याची वायर आणि मागची डबी काढून घेतली जाते, फार तर काच वेगळी होते, आणि उरलेल्या चुऱ्यात चांदी निघून जाते.

ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत सौर पॅनेलांचा समावेश झाला, हे चांगलेच झाले. उत्पादकांनी टाकाऊ पॅनेले २०३४-३५ पर्यंत नियमानुसार साठवून ठेवायची आहेत. पण साठवण म्हणजे वसुली नव्हे. शिवाय ई-कचऱ्यातून धातू काढणाऱ्याला जी प्रमाणपत्रे मिळतात आणि जी विकून त्याचा धंदा चालतो, ती व्यवस्था सोने, तांबे, लोखंड आणि अॅल्युमिनियम या चार धातूंवर उभी केली आहे. चांदी त्यात नाही. ज्या वस्तूचे श्रेय मिळत नाही ती वस्तू कारखाना जीव लावून वेगळी करणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. इतकी उघड फट राहिली याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण ती बुजवायला पैसा लागत नाही, एक दुरुस्ती लागते.

आता हातांविषयी. सांगली जिल्ह्यातला खानापूर-आटपाडीचा दुष्काळी टापू, विट्याचा परिसर, शेजारचे माण-खटाव, इथून गेलेली गलाई व्यावसायिकांची कुटुंबे देशाच्या कानाकोपऱ्यात आहेत. केरळपासून बंगालपर्यंत सराफ बाजार असलेले शहर सांगा, तिथे बहुधा एखादा मराठी गलाईवाला सापडेल. जुने दागिने आटवणे, मुशीत घालून शुद्ध करणे, तेजाबात विरघळलेली चांदी तांब्याचा पत्रा बुडवून पुन्हा खाली बसवणे, टंच काढणे, हे त्यांचे रोजचे काम. त्याहून जुनी परंपरा झारेकऱ्यांची : सोनाराच्या दुकानातला केर, राख, गटारातला गाळ धुऊन त्यातले कण वेचणारे लोक. ओक रिजला भोकाखाली कागद अंथरणाऱ्या अभियंत्यांना जे करावे लागले ते आपल्याकडे एका समाजाचे पोट भरण्याचे साधन होते. धातू किती सूक्ष्म प्रमाणात कुठे दडून बसतो आणि कशाने बाहेर येतो, याची जाण या माणसांच्या बोटांत आहे. पॅनेलच्या चकतीवरची चांदी काढण्याचे रसायनशास्त्र त्यांना परके नाही. तीही नायट्रिक अॅसिडातच विरघळते. आपण मात्र या व्यवसायाकडे अरुंद गल्लीतला धुराचा धंदा म्हणून पाहतो आणि नव्या धातुशास्त्रासाठी परदेशी यंत्रांच्या जाहिराती चाळतो. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालण्याचाच हा प्रकार.

यावर पहिला आक्षेप प्रदूषणाचा येईल, आणि तो अगदी रास्त आहे. चांदी नायट्रिक अॅसिडात टाकली की तपकिरी विषारी वायू उठतो. उरणाऱ्या पाण्यात तांब्याचे क्षार राहतात, पॅनेलच्या डागात शिसे असते, आणि कित्येक पॅनेलांच्या मागच्या प्लास्टिकमध्ये फ्लोरिन असल्याने ते नुसते जाळले तर घातक आम्लवायू सुटतो. चांदीचा आयन जंतूंना मारतो, म्हणून भाजलेल्या जखमेवरच्या मलमात चांदीचे संयुग असते, आणि १८८० च्या दशकात लाइपझिगच्या क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालून असंख्य मुलांना अंधत्वापासून वाचवले. पण तोच आयन ओढ्यात गेला तर पाण्यातल्या जीवांनाही मारतो. म्हणून हे काम गल्लीत, उघड्या घमेल्यात होता कामा नये असेच माझेही मत आहे. वायू शोषून घेणारी यंत्रणा आणि सांडपाण्याची सोय असलेली सामाईक शुद्धीकरण केंद्रे उभारून गलाईवाल्यांना तिथे जागा द्यावी. आज ते जो धूर रोज छातीत घेतात त्यातून त्यांची सुटका होईल, हा माझ्या लेखी पुरवठ्याच्या प्रश्नाइतकाच मोठा लाभ आहे.

दुसरा आक्षेप अभियंते घेतील : पॅनेलमधली चांदी दरवर्षी कमी होत आहे, उद्या तिची जागा तांबे घेईल, मग एवढा खटाटोप कशाला? चांदी कमी होत आहे हे खरे. पण मागच्या दशकातल्या पॅनेलांपेक्षा कार्यक्षम अशा नव्या पद्धतीच्या पॅनेलांत दोन्ही बाजूंना चांदीच्या रेघा लागतात, आणि तांबे वापरायचे तर ते सिलिकॉनमध्ये झिरपून चकती बिघडवू नये म्हणून मध्ये आड घालावा लागतो, वर गंजापासून राखावे लागते. हे प्रश्न सुटतील, सुटावेतही. मात्र उद्याचे पॅनेल तांब्याचे झाले म्हणून काल बसवलेल्या पॅनेलांतली चांदी नाहीशी होत नाही. उलट जितके पॅनेल जुने तितकी त्यात चांदी जास्त, म्हणजे जो माल सर्वांत आधी मोडीत येणार तोच सर्वांत भरलेला आहे. परवडण्याच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. काच, सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि चांदी एकाच केंद्रात निघाली, तर पॅनेलच्या वजनात एका टक्क्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी असलेली चांदी साऱ्या उलाढालीचा मोठा भार उचलते. ती वगळून हा धंदा कधीच परवडणार नाही. मलमातली, औषधातली चांदी परत मिळत नाही आणि तिच्यामागे लागूही नये. पॅनेल, रिले, सर्किट हे मात्र मोजता येतात, त्यांची जागा माहीत असते.

आणखी एक भीती मनात येऊ शकते, ती जास्त जिव्हाळ्याची आहे. चांदीला उद्योगाचा धातू म्हटले, की पैंजण, जोडवी, वाळे, निरांजन यांत गुंतलेली घरातली चांदी निरुपयोगी साठा ठरवून तिच्यावर कर किंवा निर्बंध येतील का? माझा तसा आग्रह अजिबात नाही. ग्रामीण बाईच्या पायातली चांदी ही कित्येकदा तिच्या एकटीच्या मालकीची एकमेव मालमत्ता असते, तिला हात लावण्याचा अधिकार कुणालाच नाही. ती चांदी वायाही जात नाही, ती पिढीगणिक मोडते आणि पुन्हा घडते. तिला गरज आहे ती भरवशाची. सोन्याच्या दागिन्यांना जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. चांदीला १ सप्टेंबर २०२५ पासून ओळख क्रमांकासह हॉलमार्क आला, पण ऐच्छिक. रिझर्व्ह बँकेच्या नव्या निर्देशांनी १ एप्रिल २०२६ पासून चांदीच्या दागिन्यांवर आणि नाण्यांवर कर्ज देण्याचे नियम घालून दिले आहेत. टंचाची खात्री नसेल तर त्या कर्जात तोटा होईल तो गहाण ठेवणाऱ्या बाईचाच. हॉलमार्क सक्तीचा व्हावा, आणि चांदीचे दागिने घडवणाऱ्या हुपरी गावच्या कारागिरांसारख्या छोट्या घडणावळीवाल्यांना त्याचा खर्च जड जाऊ नये अशी तपासणीची सोय त्यांच्या गावातच व्हावी. भंगारातून निघालेली चांदी शुद्ध ९९९ ची असल्याची खात्री याच व्यवस्थेतून मिळाली, तर हुपरीच्या पैंजणालाही ती चालेल आणि आयात तेवढी कमी लागेल.

म्हणून तीन गोष्टी आधी व्हाव्यात : अत्यावश्यक खनिजांच्या यादीत चांदी यावी, ई-कचऱ्याच्या प्रमाणपत्रांत तिचा पाचवा धातू म्हणून समावेश व्हावा, आणि विट्यात सामाईक शुद्धीकरण केंद्राबरोबर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत धातू पुनःप्राप्तीचा रीतसर अभ्यासक्रम सुरू व्हावा. पॅनेले पंचवीस वर्षे टिकतात, घाई कसली, असे म्हणणाऱ्यांनी गारपिटीत फुटणारी, वादळात उडणारी आणि जास्त वॉटची नवी बसवण्यासाठी मुदतीआधीच उतरवली जाणारी पॅनेले मोजावीत. आणि दारात उभा असलेला मोबाइल-संगणकांचा कचरा तर आजचाच आहे. साठवणुकीची २०३४-३५ ची मुदत संपेल तेव्हा आटपाडीच्या एखाद्या गलाई कुटुंबातला, आज पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पंचविशीत असेल. त्या वर्षी त्याच्यासमोर पहिल्या मोठ्या खेपेची पॅनेले येऊन पडतील, आणि ती उलगडायला लागणारे शिक्षण त्याला आतापासूनच मिळायला हवे.